वजाबाकीच्या आधी

सकाळी ८.१५

भोसरीच्या एमआयडीसीत आमच्या शेडमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह तपासणारे बेंच तयार होतात. व्हॉल्व्ह बेंचला लावायचा, हवेची नळी जोडायची, कॉइलला २४ व्होल्ट द्यायचे आणि पलीकडच्या टोकाला दाब किती वेळात पोचतो ते मोजायचं. सध्याच्या ऑर्डरमधल्या व्हॉल्व्हला मर्यादा आहे ३५ मिलिसेकंदांची. तेवढ्यात उघडला तर हिरवा दिवा, नाही तर लाल. बेंचच्या पोटात ३२ बिटांचा एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स, त्यावर सी भाषेत लिहिलेला आमचा प्रोग्रॅम. दोनदा घड्याळ वाचायचं आणि वजाबाकी करायची, हे त्याचं मुख्य काम. ती वजाबाकी खरी आहे की नाही हे बघणं, हे माझं.

जागेवर बसल्याबसल्या रात्रीचा लॉग उघडते. शेडमध्येच चालणाऱ्या एका जुन्या बेंचवर अजून मागची आवृत्ती आहे. त्याच्या नोंदींत अठ्ठावीस, तीस, एकोणतीस असे आकडे एकाखाली एक लागलेत आणि मध्येच उणे १,९७२. त्यापुढे शेरा: पास.

म्हणजे कॉइलला वीज मिळायच्या जवळजवळ दोन सेकंद आधीच व्हॉल्व्ह उघडला. प्रोग्रॅमला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण त्याला एकच प्रश्न शिकवला होता: आकडा ३५ पेक्षा जास्त आहे का? उणे १,९७२ जास्त नाही. त्या व्हॉल्व्हचा नंबर स्टोअरला कळवून तो बाजूला काढून ठेवायला सांगते.

सकाळी ९.००

सिस्टिमच्या लॉगमध्ये कारण सापडतं. रात्री वीज जाऊन आली. बोर्ड पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याने आपल्या आरटीसी चिपमधली वेळ उचलली, आणि ती चिप दोन सेकंद पुढे पळालेली होती. नेटवर्कचा स्विच उशिरा जागा झाला. तो झाल्यावर एनटीपीने खरी वेळ आणली आणि घड्याळ मागे ओढलं. १२८ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक एनटीपीचा प्रोग्रॅम घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त करून हळूहळू मिटवतो, तोही सेकंदाला अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा जास्त नाही. फरक त्याहून मोठा असेल तर तो सरळ उडी मारतो. ही उडी नेमकी एका व्हॉल्व्हच्या दोन वाचनांच्या मध्ये पडली.

जुन्या कोडमध्ये वेळ घेतली जात होती गेटटाइमऑफडे या फंक्शनने. त्याची रिटर्न व्हॅल्यू तपासलेली आहे, आणि दोन्ही वेळा ती शून्य, म्हणजे यशस्वी, आली असणार. फंक्शनने काही खोटं सांगितलं नाही. भिंतीवरचं घड्याळ किती वाजले ते सांगतं, आणि विचारलं होतं तेवढंच. किती वेळ गेला हे मोजायला मोनोटॉनिक घड्याळ लागतं. ते बोर्ड सुरू झाल्यापासून पुढेच जातं आणि एनटीपीच्या उडीने मागे येत नाही. २००८ च्या पॉझिक्स मानकाने गेटटाइमऑफडेला कालबाह्य ठरवलं आणि क्लॉक_गेटटाइम वापरायला सांगितलं, त्यालाही आता बराच काळ झाला.

असंच एक प्रकरण जगजाहीर आहे. ३१ डिसेंबर २०१६ च्या मध्यरात्री, ग्रीनिच वेळेनुसार, एक लीप सेकंद घातला गेला. भारतात तेव्हा १ जानेवारीची पहाट होती, साडेपाच वाजत होते. क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस सर्व्हरांपैकी काहींवर त्या क्षणी गेलेला वेळ उणे निघाला. तो उणे आकडा, कधीच उणे आकडा येणार नाही असं धरून चालणाऱ्या एका फंक्शनला दिला गेला आणि प्रोग्रॅम कोसळले. तो कोड गो भाषेतला होता. पुढे २०१७ मध्ये गोच्या १.९ आवृत्तीत वेळेसोबत मोनोटॉनिक वाचनही आपोआप ठेवायची सोय आली. सीमध्ये अशी सोय कोणी आपणहून करून देत नाही. कोणतं घड्याळ हे आपणच निवडायचं, आणि त्याने उत्तर दिलं की नाही हेही आपणच विचारायचं.

सकाळी १०.३०

आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने मोजणीचं मॉड्यूल पुन्हा लिहिलंय. कोड स्वच्छ आहे, नावं नीट ठेवलीत, मोनोटॉनिक घड्याळ घेतलंय. पण क्लॉक_गेटटाइमच्या हाकेपुढे कंसात व्हॉइड लिहून रिटर्न व्हॅल्यू सोडून दिलीय.

"अगं, हे व्हॉइड कशासाठी?"

"मॅडम, मी मॅन पेज वाचलं. ते दोनच कारणांनी फेल होऊ शकतं. घड्याळाचा नंबर चुकीचा असेल तर ई-इनव्हॅल, पॉइंटर चुकीचा असेल तर ई-फॉल्ट. आपला नंबर ठरलेला आहे, पॉइंटर आपल्याच स्टॅकवरचा आहे. मग ते फेल होणार कसं? आणि विसरले नाही हे दिसावं म्हणून व्हॉइड लिहिलंय."

मला हे उत्तर आवडतं. तिने वाचलंय, विचार केलाय, आणि आपला निर्णय कोडमध्ये दिसेल असा ठेवलाय. हाच मुद्दा मी पंधरा-वीस वर्षं सीमध्ये काम केलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलाय. मिस्रा सीच्या २०१२ च्या नियमावलीतला १७.७ हा नियम सांगतो की फंक्शनने परत दिलेली किंमत वापरली पाहिजे, आणि व्हॉइड लिहिलं की तो पाळला जातो. पण त्याच नियमावलीत निर्देश ४.७ आहे: फंक्शन चुकीबद्दलची माहिती परत देत असेल तर ती तपासलीच पाहिजे. तिथे व्हॉइडने भागत नाही. सर्टच्या सी नियमांतही ई-आर-आर-३३ हा नियम हेच सांगतो, आणि त्याच्या तक्त्यात टाइम, क्लॉक, एमकेटाइम ही सगळी मंडळी नावानिशी आहेत.

तिच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देण्याआधी मी खालच्या ओळींकडे वळते, कारण तिथे जास्त घाईचं काही आहे. दाबाच्या स्विचची वाट पाहायला तिने पोल वापरलंय. पोलची उत्तरं तीन प्रकारची: शून्याहून मोठं म्हणजे काहीतरी घडलं, शून्य म्हणजे मुदत संपली, उणे एक म्हणजे चूक. तिने शून्य तपासलंय, उणे एक नाही. आता समजा, कॉइलला वीज दिल्यावर सहाव्या मिलिसेकंदाला या प्रोसेसला एखादा सिग्नल आला. पोल ई-इंटर देऊन लगेच परत येतं. प्रोग्रॅमला वाटतं दाब आला. दुसरं वाचन होतं, वजाबाकी होते, उत्तर सहा मिलिसेकंद. दोन्ही घड्याळवाचनं अचूक, आणि मोजमाप मात्र भलत्याच गोष्टीचं. उणे १,९७२ निदान डोळ्यात भरतं. सहा हा आकडा चांगल्या व्हॉल्व्हसारखा दिसतो.

ती लगेच पेन उचलते. ई-इंटर आला तर किती मुदत उरली ते घड्याळावरून पुन्हा काढायचं आणि पोल पुन्हा लावायचं. म्हणजे घड्याळाचं तिसरं वाचन, आणि त्याचंही उत्तर तपासायचं.

मग आम्ही वेळेची फंक्शनं एकेक करून फळ्यावर घेतो, कारण "नाही" म्हणायची प्रत्येकाची रीत वेगळी आहे आणि ती पाठ असल्याशिवाय तपासणी उलटी पडते. क्लॉक_गेटटाइम यशाला शून्य देतं, अपयशाला उणे एक, आणि कारण एररनोमध्ये ठेवतं. सी ११ मधलं टाइम्सपेक_गेट बरोबर उलट: यशाला आपण दिलेला टाइम_यूटीसी हा आकडाच परत देतं, अपयशाला शून्य. पहिल्याच्या सवयीने दुसऱ्याला "उणे एक आहे का" असं विचारलं तर अपयश कधीच सापडणार नाही. क्लॉक_नॅनोस्लीप चुकीचा नंबर थेट परत देतं, एररनोला हातही लावत नाही. त्याचाच भाऊ नॅनोस्लीप मात्र उणे एक देतो आणि एररनो भरतो.

टाइम हे सर्वांत जुनं आणि सर्वांत साधं. चुकलं तर उणे एक. आता सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा ते चुकलं, आणि कोणी न तपासता डिफटाइमला दिलं, तर उणे एकातून उणे एक वजा जाऊन उत्तर येतं शून्य सेकंद. डिफटाइमला चूक कळवायची सोयच नाही. त्याला जे दोन आकडे मिळतील त्यांची वजाबाकी करून ते मोकळं होतं.

टाइम्स या फंक्शनची गोष्ट सांगितल्यावर ती थांबते आणि वहीत लिहून घेते. तिथे उणे एक हे खरं उत्तरही असू शकतं. लिनक्सच्या मॅन पेजमध्ये स्पष्ट नोंद आहे: २.६ कर्नलवर, काही प्रकारच्या प्रोसेसरांवर, मशीन सुरू झाल्यानंतर लवकरच ४१ सेकंदांची एक खिडकी येते, त्यात टाइम्स काहीही चुकलेलं नसताना उणे एक देऊ शकतं. एमकेटाइमचंही तसंच. ३१ डिसेंबर १९६९ च्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंद, ग्रीनिच वेळ, ही अगदी वैध वेळ आहे आणि तिचा आकडा उणे एक आहे.

दुपारी १२.१५

"पण मॅडम, प्रत्येक वेळी तपासलं तर मोजमापात तेवढा वेळ वाढणार ना?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून मोजूनच बघतो. डेस्कटॉपवर क्लॉक_गेटटाइम साधारणपणे कर्नलमध्ये उतरतच नाही. कर्नलने प्रत्येक प्रोसेसला एक छोटं पान जोडून दिलेलं असतं, व्हीडीएसओ नावाचं, तिथूनच वेळ काढली जाते. एका वाचनाला दहा-वीस नॅनोसेकंद लागतात. त्यापुढे शून्याशी एक तुलना, जिचा निकाल नेहमी तोच असल्याने प्रोसेसर आधीच ओळखून चालतो. फरक मोजणीच्या गोंगाटात दिसेनासा होतो. बोर्डवर वाचन जास्त महाग पडतं, म्हणजे तुलनेचा वाटा आणखीच किरकोळ. आमची मर्यादा ३५ मिलिसेकंदांची, म्हणजे साडेतीन कोटी नॅनोसेकंदांची. पहिल्या वाचनाची तपासणी कॉइलला वीज देण्याआधीच उरकते आणि दुसऱ्याची दुसरं वाचन हातात पडल्यावर. मोजायच्या काळात तुलना येतच नाही.

दुपारी १.१५

डबा. कोडबद्दल काही नाही.

दुपारी २.००

आता तिचा सकाळचा प्रश्न. फेल होणार कसं?

जानेवारी २०२१ मध्ये अल्पाइन लिनक्सची ३.१३ ही आवृत्ती आली. तिच्यात मसल या सी लायब्ररीची १.२ ही नवी मालिका होती, आणि ३२ बिटांच्या मशीनवर टाइम_टी, म्हणजे वेळ साठवणारा आकडा, आता ६४ बिटांचा झाला होता, ३२ बिटांचा आकडा २०३८ मध्ये भरून वाहणार ही अडचण आधीच सोडवून ठेवायची म्हणून. त्यासाठी मसल एक नवा सिस्टिम कॉल वापरू लागलं, क्लॉक_गेटटाइम६४, क्रमांक ४०३. तो कर्नलमध्ये २०१९ साली ५.१ आवृत्तीत आला. जुन्या कर्नलने "असा कॉल मला माहीत नाही", म्हणजे ई-नोसिस, म्हटलं तर मसल निमूटपणे जुना कॉल वापरायचं. इथवर सगळं विचारपूर्वक बांधलेलं.

पण अल्पाइन कंटेनरमध्ये चालवलं की ते चालतं एका गाळणीतून. कोणते सिस्टिम कॉल होऊ द्यायचे याची यादी सेककॉम्प नावाच्या यंत्रणेला दिलेली असते. ज्या यजमान मशीनवर डॉकर आणि लिबसेककॉम्प जुने होते, त्यांच्या यादीत ४०३ नव्हता. यादीत नसलेल्या कॉलला गाळणीने उत्तर दिलं ई-पर्म: परवानगी नाही. ई-नोसिस नव्हे. मसलला वाटलं, कॉल आहे, पण आपल्याला मनाई आहे. म्हणून जुन्या कॉलकडे न वळता त्याने ते अपयश तसंच वर पाठवलं. रास्पबेरी पायसारख्या ३२ बिटांच्या यंत्रणांवर कंटेनरमध्ये तारीख विचारली की भलतंच साल दिसायचं, आणि साल चुकलं की सुरक्षा प्रमाणपत्रांची तपासणीही कोलमडायची.

क्लॉक_गेटटाइम खरोखर फेल झालं होतं. तेही ठरलेला घड्याळ-नंबर आणि निर्दोष पॉइंटर दिलेला असताना, आणि त्याच्या मॅन पेजमध्ये त्याच्यापुढे न लिहिलेल्या कारणाने. मसलचं स्वतःचं टाइम हे फंक्शनही आतून क्लॉक_गेटटाइम बोलावतं आणि त्याचं उत्तर न बघता सेकंदांचा आकडा पुढे देतं. न भरलेल्या जागेत जे पडलेलं असेल तीच मग आजची तारीख.

ती विचारते, "आपल्या कोडमध्ये हे झालं तर काय दिसेल?"

हे सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. एसट्रेस या साधनात सिस्टिम कॉलला मुद्दाम चूक करायला लावायची सोय आहे, पण डेस्कटॉपवर ती इथे चालत नाही, कारण व्हीडीएसओमधून जाणारं वाचन सिस्टिम कॉल नसतंच, एसट्रेसला ते दिसत नाही. म्हणून लिंकरची रॅप ही सोय वापरते. क्लॉक_गेटटाइमची प्रत्येक हाक आधी आमच्या फंक्शनकडे येते, ते मोजत राहतं, आणि आपण सांगू त्या क्रमांकाच्या हाकेला पॉइंटरला न शिवता उणे एक परत देतं. दुसरी हाक पाडायची ठरवते.

तिच्या मॉड्यूलमध्ये वेळ घेणारं एक छोटं फंक्शन आहे. त्यात स्टॅकवर टाइम्सपेक, तो भरायचा, नॅनोसेकंदांत बदलून परत द्यायचा. पहिल्या हाकेला तो नीट भरतो. दुसऱ्या हाकेला तेच फंक्शन, तीच स्टॅकची खोली, तीच जागा. घड्याळाने काहीच लिहिलेलं नाही, पण त्या जागेत पहिल्या वाचनाचे सेकंद आणि नॅनोसेकंद अजून पडून आहेत. आमच्या डिबग बिल्डमध्ये पडद्यावर येतं: ०.००० मिलिसेकंद. पास.

ती खुर्ची पुढे ओढते. ऑप्टिमायझेशन चालू करून पुन्हा बांधते, आकडा बदलतो, आता काहीतरी अचाट मोठा, नापास. पुन्हा बंद करते, पुन्हा शून्य. तोच कोड, तीच चूक, आणि निकाल कंपायलरच्या मर्जीवर. सी मानकाच्या दृष्टीने न भरलेली जागा वाचली की कशाचीच हमी उरत नाही. मग मी पहिली हाक पाडून दाखवते: आधीच्या कामाचा कचरा उचलला जातो आणि उत्तर दर वेळी वेगळं.

"म्हणजे सुरुवातीलाच शून्य भरून ठेवलं तर?" ती विचारते.

तर कचऱ्याऐवजी शून्य येईल, एवढंच. पहिलं वाचन पडलं तर गेलेला वेळ म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनचा सगळा वेळ, दुसरं पडलं तर तितकाच उणे. आणि उणे आला की सकाळच्या लॉगसारखा पास. जागा भरून ठेवणं चांगलंच, पण त्याने चूक कळत नाही, ती फक्त दर वेळी सारखी दिसते.

या कामाबद्दल माझं ठाम मत इथेच येतं. मोजणाऱ्या यंत्राला तीन उत्तरं देता आली पाहिजेत: बसलं, नाही बसलं, आणि मोजता आलं नाही. तिसरं उत्तर ज्याच्याकडे नाही ते यंत्र अडचणीत सापडलं की पहिल्या दोनांपैकी एक उचलून देतं, आणि ते उचललेलं उत्तर मोजलेल्या उत्तरासारखंच दिसतं. दोन दशांश जास्त छापले म्हणून ते जास्त खरं होत नाही.

दुपारी ३.१५

मॉड्यूल एकत्र बसून बदलतो. वेळ घेणारं फंक्शन आता वेळ परत देत नाही, यश-अपयश परत देतं. वेळ पॉइंटरमधून येते. जीसीसी कंपायलरच्या वॉर्न_अनयूज्ड_रिझल्ट या खुणेने ते बांधतो, कारण जीसीसी त्या खुणेपुढे व्हॉइडलाही जुमानत नाही, इशारा देतंच, आणि आमच्या बिल्डमध्ये इशारा म्हणजे चूक. ग्लिबसी या सी लायब्ररीने क्लॉक_गेटटाइमवर स्वतः ही खूण लावलेली नाही, म्हणून हा आमचा वेष्टणाचा थर हवा. मिलिसेकंदांच्या जागी नॅन, म्हणजे आकडा नसलेला आकडा, परत द्यावा असाही विचार होतो. पण "३५ किंवा कमी" असं विचारलं तर नॅन नापास होतो, आणि "३५ पेक्षा जास्त नाही ना" असं विचारलं तर पास. कोण कधी तुलना उलटी लिहील सांगता येत नाही. नॅन नको.

अपयशाच्या वाटेवरची सगळ्यांत महत्त्वाची ओळ घड्याळाची नाहीच. दुसरं वाचन फसल्यावर तिने तिथल्या तिथे रिटर्न लिहिलं. मी विचारते, "कॉइल?"

ती वर बघते आणि ओळ खोडते. दुसऱ्या वाचनाच्या वेळी कॉइलला २४ व्होल्ट चालू आहेत. तिथून असंच परत गेलो तर वीज तशीच राहील आणि कॉइल तापत जाईल. म्हणून क्रम असा: आधी एररनो बाजूला जपून ठेवायचा, कारण मधल्या कोणत्याही हाकेने तो बदलू शकतो. मग कॉइल बंद. मग हवेचा दाब सोडायचा. मग लॉगमध्ये कारण लिहायचं. आणि पहिलं वाचन फसलं तर कॉइलला वीज द्यायचीच नाही. तपासणी लिहिणं एका ओळीचं काम आहे. तपासल्यावर काय करायचं हे ठरवायला आम्हाला तासभर लागतो, आणि तो लागायलाच हवा.

संध्याकाळी ४.३०

ग्राहकाच्या क्वालिटी विभागातल्या साहेबांशी फोन. रिपोर्टमध्ये "मोजमाप अवैध" हा तिसरा रकाना येणार असं कळवते. त्यांना तो नको आहे. ऑडिटला आलेला माणूस विचारेल, हे काय? मी म्हणते, "साहेब, त्याला सांगा, या व्हॉल्व्हचं मोजमाप झालं नाही म्हणून तो पुन्हा लावला, आणि पुन्हा लावल्याची नोंद खालच्या ओळीत आहे." रात्रीच्या उणे १,९७२ बद्दलही सांगते. ते थोडा वेळ गप्प राहतात, मग विचारतात, अवैध आला की ऑपरेटरने काय करायचं? ठरतं असं: पिवळा दिवा, तोच व्हॉल्व्ह तिथेच पुन्हा, आणि लागोपाठ दुसऱ्यांदा पिवळा आला तर बेंच थांबवून आम्हाला फोन. उणे आकडा आणि भौतिकदृष्ट्या अशक्य इतका लहान आकडाही पिवळ्यातच जाईल. खालची मर्यादा किती ठेवायची ते उद्यापर्यंत ते कळवतील.

संध्याकाळी ५.३०

बाकीचा कोड चाळते. तासनतास चालणाऱ्या टिकाऊपणाच्या चाचणीत कोणीतरी क्लॉक हे फंक्शन वापरलंय. ते प्रोसेसरने या प्रोग्रॅमसाठी खर्चलेला वेळ मोजतं. व्हॉल्व्हची वाट बघत झोपलेला प्रोग्रॅम जवळजवळ काहीच खर्चत नाही, त्यामुळे भिंतीवर तास सरला तरी इथे सेकंदच होतील. शिवाय पॉझिक्समध्ये सेकंदाचे दहा लाख भाग ठरलेले असल्याने ३२ बिटांच्या चिन्हयुक्त आकड्यात ते २,१४७ सेकंदांत, म्हणजे पावणेछत्तीस मिनिटांच्या आसपास, उण्यात जातं. आणि वेळ मिळालीच नाही तर उणे एक. म्हणजे उणे आकडा दोन वेगवेगळ्या कारणांनी. काढून टाकते.

२०३८ ची नोंदही आज लिहून ठेवायची आहे. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर, ३२ बिटांचा टाइम_टी भरून वाहील. नव्या ग्लिबसीत अशी वेळ मावली नाही तर क्लॉक_गेटटाइम ई-ओव्हरफ्लो देऊन उणे एक परत देतं, आणि टाइमही उणे एक. म्हणजे त्या सकाळी रिटर्न व्हॅल्यू न बघणारा, तारखेसाठी भिंतीवरचं घड्याळ विचारणारा कोड न भरलेली जागा वाचायला लागेल. आमच्या बेंचचं मोजमाप मोनोटॉनिक घड्याळावर आहे, त्याला ही तारीख शिवत नाही, पण रिपोर्टवरची तारीख-वेळ भिंतीवरच्या घड्याळाची आहे. शॉप फ्लोअरवर यंत्रं वीस-वीस वर्षं चालतात. ग्लिबसी २.३४ पासून ३२ बिटांवरही ६४ बिटांचा टाइम_टी मागून घेता येतो. पुढच्या आवृत्तीत तो बदल, सगळ्या लायब्ररींसकट.

अशा कडा लवकर दिसाव्यात म्हणून लिनक्स कर्नलने एक युक्ती केलेली आहे, ती मला फार आवडते. त्याचा टिक्स मोजणारा जिफीज नावाचा आकडा शून्यापासून सुरू होत नाही. तो अशा ठिकाणाहून सुरू होतो की ३२ बिटांत तो मशीन चालू झाल्यावर पाच मिनिटांनीच उलटतो. ज्या कोडला हे उलटणं झेपत नाही तो लिहिणाऱ्याच्या टेबलावर पाच मिनिटांत सापडतो, ग्राहकाकडे कित्येक दिवसांनी नाही.

संध्याकाळी ६.३०

त्याच विचाराने दुपारच्या रॅपची चाचणी आता रोजच्या रात्रीच्या बिल्डमध्ये घालतो. एका व्हॉल्व्हचं संपूर्ण मोजमाप चालवायचं, त्यात घड्याळाची पहिली हाक पाडायची. मग पुन्हा, दुसरी. मग तिसरी, हाका संपेपर्यंत. प्रत्येक वेळी अटी दोन: शेवटी कॉइल बंद असली पाहिजे, आणि निकाल हिरवा असता कामा नये. ती आणखी एक अट सुचवते, पोलचीही हाक अशीच पाडायची आणि तिथे एकदा ई-इंटर, एकदा दुसरी एखादी चूक द्यायची. ई-इंटरनंतर मोजमाप पूर्ण होऊन हिरवा चालेल, दुसऱ्या चुकीनंतर पिवळाच. ती हे लिहिते, चालवते, पहिल्या फेरीत अटी पाळल्या जातात, पण दुसरी अट एका जागी अपुरी पडते. मुदत पुन्हा काढणाऱ्या तिसऱ्या वाचनाचं अपयश "मुदत संपली" म्हणून लाल दाखवलं जातंय. लाल म्हणजे व्हॉल्व्ह खराब. तोही खोटा निकाल आहे, चांगला व्हॉल्व्ह भंगारात जाईल. अट बदलून लिहिते: निकाल पिवळाच असला पाहिजे. मग कोड दुरुस्त करते.

उद्या सकाळच्या पाळीआधी जुन्या बेंचवर ही आवृत्ती चढवायची आहे. त्याची एक पानाची नोंद तयार करते: काय बदललं, पिवळा दिवा म्हणजे काय, पहिल्यांदा आला तर काय करायचं, दुसऱ्यांदा आला तर कोणाला फोन करायचा.